पाच नंबरची माती

काशीनाथची नोकरी लोकांना समजावून सांगायची सोय नव्हती. राई गावात, खाडीच्या बांधाला लागून, वीस गुंठ्यांचा एक तुकडा होता. त्याच्या बरोबर मधून दगडांची एक ओळ गेली होती. ओळीच्या उत्तरेला दर वर्षी नांगरायचं आणि दक्षिणेला कधीच नांगरायचं नाही, एवढंच काम. सत्तावीस वर्षं तो ते इमानाने करत होता. म्हणजे निम्मी नोकरी तो करत होता, उरलेली निम्मी करत नव्हता, आणि साहेब लोक दोन्हींबद्दल त्याच्यावर सारखेच खूश होते.

उत्तरेच्या तुकड्याचं नाव 'अ', दक्षिणेच्या तुकड्याचं 'ब'. ही नावं शेतीच्या एका संशोधन संस्थेने एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली ठेवली होती. त्यांना बघायचं होतं, की माती वर्षानुवर्षं उलटीपालटी केली तर तिच्यातला कार्बन आणि नायट्रोजन कमी होतो का, आणि तिला तिच्या जागी स्वस्थ पडू दिलं तर तो टिकतो का. प्रयोग सुरू करणारे मोठे साहेब मऊ बोलायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी काशीनाथला बांधावर बसवून सांगितलं होतं, की नांगर फिरला की मातीत हवा शिरते, हवेने जंतू जागे होतात, जागे झाले की मुळं, पालापाचोळा, दिसेल ते खात सुटतात, आणि खाल्लेल्याचा वायू होऊन वर निघून जातो. नांगरणं म्हणजे मातीला घाईघाईने जेवायला लावणं, असं ते म्हणाले. काशीनाथला हे पटलं. त्याच्या घरात सगळेच घाईघाईने जेवायचे आणि कोणाच्याच अंगी लागायचं नाही.

तेव्हापासून 'अ'मध्ये उखळणी, चिखलणी, सगळं रीतसर. 'ब'मध्ये मात्र नुसती काठी घेऊन जायचं, काठीने भोक पाडायचं, भाताचे चार दाणे टाकायचे, पायाने दाबायचं. संध्याकाळी वहीत लिहायचं. 'अ'च्या रकान्यात रोज काहीतरी वेगळं असायचं. 'ब'च्या रकान्यात बहुतेक दिवशी तीनच शब्द असायचे, 'काही केले नाही.' हे त्याने नऊ हजारांहून जास्त वेळा लिहिलं होतं आणि दर वेळी अक्षर चांगलं काढलं होतं.

गावात अर्थातच थट्टा व्हायची. बसस्टॉपवरची म्हातारी मंडळी विचारायची, "काशीनाथ, आज काय काय न्हाय केलंस?" काशीनाथ थांबून खरंखुरं सांगायचा. थट्टा करणाऱ्यांचीही शेतं होतीच. एकेक करून त्यांच्यावर भराव पडला, भरावावर एकोणीस मजले चढले, आणि म्हातारे त्या मजल्यांच्या सावलीत बाकड्यावर येऊन बसले. नांगरायचं त्यांनीही सोडलंच होतं. फक्त त्याची कोणी नोंद ठेवली नव्हती.

आता प्रयोगाचे दिवस भरत आले होते. जमीन काशीनाथचा चुलतभाऊ बबन याच्या नावावर होती आणि संस्थेचा करार या मेच्या शेवटी संपत होता. बबनला तिथे क्रिकेटचं टर्फ टाकायचं होतं. चारी बाजूंनी जाळी, वर दिवे, खाली हिरव्या प्लॅस्टिकचं गवत. बबन मनाने वाईट नव्हता. त्याने काशीनाथला आधीच सांगून ठेवलं होतं, की दादा, टर्फवर राखणदार तूच, तितंबी तुला काय नांगरायचं न्हाय, सवयीचं काम हाय.

संस्थेने मात्र एक दार किलकिलं ठेवलं होतं. यंदाच्या तपासणीत 'अ' आणि 'ब'मध्ये ठळक फरक निघाला, तर प्रयोग आणखी दहा वर्षं चालवू, बबनशी बोलू, करार वाढवू. फरक नाही निघाला, तर दगड उचला. बबननेही मान्य केलं होतं. शास्त्रापुढे आपण कोण, असं तो म्हणाला होता, पण टर्फवाल्याला मोजमापाला बोलावूनच.

ही तपासणी करायला मिनल आली. मिनल मीरा रोडला राहायची, वडील मुंबईतल्या एका ऑफिसातून रिटायर झालेले, आणि मुलगी माती गोळा करत हिंडते हे त्यांनी अजून सोसायटीत कोणाला सांगितलेलं नव्हतं. ती बी.एस्सी. झाली तेव्हापासून या तुकड्यावर येत होती आणि आता याच तुकड्यावर तिची डॉक्टरकी, म्हणजे पीएच.डी., अडकली होती. काशीनाथला ती काका म्हणायची. तो तिला मॅडम म्हणायचा, कारण संस्थेतून येणाऱ्या प्रत्येकाला तो साहेब किंवा मॅडम म्हणत आला होता, एकदा ड्रायव्हरलासुद्धा.

मार्चमध्ये तिने दोन्ही तुकड्यांतून नमुने घेतले. प्रत्येक तुकड्यात पाच ठरलेल्या जागा होत्या, तिथे खुंट्या ठोकलेल्या होत्या. लोखंडी नळी मातीत घुसवायची, बाहेर काढायची, आत अडकलेली माती पिशवीत भरायची, पिशवीवर नंबर. काशीनाथने नळी दाबून दिली. 'ब'मधल्या पाचव्या खुंटीपाशी मात्र त्याने नळी मिनलच्या हातात दिली आणि आपण पाणी प्यायला गेला. हे तो दर तपासणीला करायचा. कोणाच्या लक्षात यायचं नाही, कारण माणसाला तहान कुठेही लागू शकते.

एप्रिलच्या शेवटी ती आकडे घेऊन आली. बांधावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. चेहरा उजळला होता.

"काका, जमलं," ती म्हणाली. "'ब'मध्ये कार्बन चांगला वर आहे. नायट्रोजन तर विचारूच नका. कमिटीला नाही म्हणायला जागाच नाही ठेवलीये आपण."

काशीनाथने विचारलं, की सगळ्या खुंट्यांना तसंच आलंय का. मिनलने पडद्यावरचे रकाने खाली-वर सरकवले. मग सांगितलं, की सरासरी चांगली आहे. एक ते चार ठीकठाक आहेत, 'अ'च्या जवळपासच. पण पाच नंबर जबरदस्त आहे. आधीच्या दोन-तीन रिपोर्टांतही पाच नंबर असाच वर होता आणि तिथे क्षारही जास्त होते, तेव्हा रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी खाडीच्या पाण्याचा परिणाम असावा असं लिहून सोडून दिलं होतं. तरी तिने विचारलं, की तिथे कधी काही टाकलं होतं का? शेण, राख, मासळीचं खत?

"मासळी न्हाय टाकली," काशीनाथ म्हणाला.

हे खरं होतं. शेण आणि राखही त्याने टाकली नव्हती. तिने ज्या तीन गोष्टी विचारल्या त्यांतली एकही त्याने टाकली नव्हती, आणि तिने चौथी विचारली नाही.

मग मिनलने एक छापील कागद काढला. कमिटीला तो शुक्रवारी द्यायचा होता. त्यावर लिहिलं होतं, की 'ब' तुकड्यात प्रयोगाच्या संपूर्ण काळात नांगरणी अथवा कोणत्याही प्रकारची खोदाई झालेली नाही. खाली रेघ होती आणि रेघेखाली काशीनाथचं पूर्ण नाव टाईप केलेलं होतं. स्वतःचं नाव इतक्या ठसठशीत अक्षरांत त्याने लग्नाच्या पत्रिकेनंतर पाहिलं नव्हतं. चष्मा घरी राहिलाय, उद्या सही करतो, असं तो म्हणाला. चष्मा त्याच्या डोळ्यांवर होता. मिनल मान खाली घालून आकडे बघत होती, म्हणून निभावलं.

पाच नंबरच्या खुंटीखाली मास्तर होता.

मास्तर म्हणजे काशीनाथचा बैल. प्रयोगाच्या पहिल्या वर्षापासून 'अ' तुकडा त्याने आणि त्याच्या जोडीदाराने, शिपायाने, नांगरला. गावातल्या शाळेची घंटा झाली की तो असेल तिथे उभा राहायचा आणि मधली सुट्टी संपेपर्यंत हलायचा नाही, म्हणून मास्तर. शिपायाला काही मत नव्हतं, तो मास्तर करेल ते करायचा. अकरा वर्षं दोघे दगडांच्या ओळीपर्यंत यायचे आणि वळायचे. पुढेपुढे वळवावंही लागायचं नाही. ओळ आली की मास्तर आपणच मान फिरवायचा, जणू मोठ्या साहेबांनी त्यालाही बांधावर बसवून सगळं सांगितलं होतं.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात तो एका सकाळी उठलाच नाही. काशीनाथ त्याच्याजवळ दुपारपर्यंत बसला. मेलेलं जनावर न्यायला गाडी येते हे त्याला माहीत होतं, आणि गाडी नेते तिथे पुढे काय होतं हेही माहीत होतं. सरूबाईने, त्याच्या बायकोने, विचारलं की मग कुठे पुरायचा. घराला अंगण नव्हतं. खाडीच्या कडेला तिवरांच्या झाडीत पुरला तर भरतीला वर येणार. 'अ'मध्ये पुरला तर दर वर्षी नांगराचा फाळ त्याच्यावरून जाणार, एखाद्या वर्षी हाडाला लागणार. आणि तो फाळ ओढणार शिपाई.

साऱ्या राई गावात, साऱ्या तालुक्यात म्हटलं तरी चालेल, जमिनीचा एकच तुकडा असा होता की जिथे नांगर कधीही फिरणार नाही असं कोणीतरी लिहून दिलं होतं. सहीशिक्क्यासह.

दिवसाढवळ्या खड्डा खणला. शेजारचे दोघे मदतीला होते. चार फुटांवर खाडीचं पाणी झिरपायला लागलं, तरी आणखी एक फूट गेले. सरूबाईने मिठागरावरून दोन गोणी मीठ आणलं आणि ते खाली-वर घातलं, जसं घालतात तसं. माती लोटली, वर पेंढा पसरला. संध्याकाळी काशीनाथने वही उघडली. 'अ'समोर लिहिलं, 'बांध दुरुस्त केला.' 'ब'समोर पेन टेकवून बराच वेळ बसला आणि मग लिहिलं, 'काही केले नाही.' त्या दिवशी अक्षर जरा बिघडलं. आठवड्याने त्याने शिपायाला वसईकडच्या एका ओळखीच्याला देऊन टाकलं, आणि पुढे 'अ'मध्ये पॉवर टिलर आला.

गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. दिवाळीच्या पाडव्याला सरूबाई तिथे दिवा ठेवायची, तोही सगळ्यांनी पाहिला होता. फक्त संस्थेला माहीत नव्हती, कारण संस्थेने गावाला कधी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी त्या जागेवरचा भात काळपट हिरवा झाला आणि इतका उंच वाढला की आपल्याच भाराने आडवा पडला. मोठे साहेब आले, त्यांनी हात जोडले, आणि त्या भाताजवळ उकिडवे बसून फोटो काढून घेतला. निसर्गाला नुसतं सोडून द्यायचं असतं, काशीनाथ, असं ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. काशीनाथचेही आले, पण कारण वेगळं होतं. दोन हजार सोळात साहेब वारले. त्यांच्या शोकसभेत तोच फोटो हार घालून ठेवला होता, आणि काशीनाथ सभेत मागच्या खुर्चीवर बसून साहेबांकडे न बघता भाताकडे बघत होता.

चष्म्याची थाप मारली त्या दिवशी घरी येऊन त्याने सरूबाईला कागदाचं सांगितलं. ती बोंबील निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की सही करा.

"खोटं हाय ते," काशीनाथ म्हणाला.

"मेलेला बैल काय साक्ष द्यायला येनार हाय? अकरा वर्सं त्यानं ओढलं, आता खालून थोरा हातभार लावतंय. लावू द्या."

सही केली तर तुकडा राहणार होता, मास्तर राहणार होता, मिनल डॉक्टर होणार होती. दहा वर्षांनी काशीनाथ असेल-नसेल. नुसती एक रेघ होती आणि तिच्यावर आपलं नाव काढायचं होतं. नावसुद्धा खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून तो गेला तेव्हा मिनल दगडांच्या ओळीवर बसून एका घडीपत्रकाचा मजकूर तपासत होती. संस्था ते ठाणे आणि पालघरच्या शेतकऱ्यांना वाटणार होती. वर मोठ्या अक्षरांत 'नांगर थांबवा, माती वाचवा', आणि खाली हा तुकडा, ही सत्तावीस वर्षं, हे आकडे. मधोमध मोठ्या साहेबांचा तो फोटो. मिनलने त्याला कौतुकाने वाचायला दिलं. एका कोपऱ्यात लिहिलं होतं, की हे सर्व केवळ न नांगरल्याने साध्य झाले.

काशीनाथने ते दोनदा वाचलं. डहाणूचा, जव्हारचा, कुठला कुठला शेतकरी त्याच्या डोळ्यांपुढे आला. तो कागद वाचणार, नांगर आडोशाला उभा करणार, आणि आपल्या शेतात भात छातीएवढा होण्याची वाट बघत बसणार. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. आपलं काय चुकतंय हे त्याला कधीच कळणार नाही, कारण प्रत्येक शेतात एक बैल पुरावा लागतो हे पत्रकात लिहायचं राहून गेलं होतं.

मिनलने पेन पुढे केलं. काशीनाथने ते घेतलं नाही.

"मॅडम, पाच नंबरखाली माझा बैल हाय," तो म्हणाला.

मिनलला आधी ते बैल म्हणजे काहीतरी अवजार वाटलं असावं. मग तिच्या लक्षात आलं.

"कधीपासून?"

"दोन हजार नऊपास्ना. मीठ घालून पुरलाय. दोन गोणी."

तिने लॅपटॉप उघडला, काहीतरी शोधलं, बंद केला. मीठ, ती स्वतःशीच म्हणाली. रस्त्यावरून उत्तनची बस गेली. मिनलने विचारलं, की याच तुकड्यात का पुरला, इतकी जागा होती.

"हितं नांगर येनार न्हाय, असं साहेबांनी लिवून दिलंवतं. दुसरीकरं कुनी लिवून देईना."

मिनल रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं काशीनाथला वाटलं. तिने तिथेच बसून पाचव्या नंबरचा आकडा काढून टाकला आणि उरलेल्या चारांचा हिशेब पुन्हा केला. नुसती बोटं हलली, आणि फरक गेला. म्हणजे अगदीच गेला नाही. तिने समजावून सांगितलं, की 'ब'मध्ये वरच्या दोन इंचांत कार्बन थोडा वाढलाय, नायट्रोजनही वाढलाय. पण त्याखाली 'अ'पेक्षा कमी आहे. मुळं, पेंढा, सगळं वरच राहिलं, खाली मिसळलंच नाही. एकूण बेरीज दोन्हींकडे जवळपास सारखीच.

"म्हंजे मी मातीला हात लावला न्हाय, आन तिनं फक्त आपलं सामान माळ्यावर नेलं," काशीनाथ म्हणाला.

"तसंच," मिनल म्हणाली. "जगात बऱ्याच ठिकाणी असंच निघालंय, काका. मला वाटलं होतं आपल्याकडे वेगळं असेल."

तिने तो छापील कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. घडीपत्रकाचं काय करायचं हे तिला सुचेना, म्हणून ते ती हातातच धरून राहिली. काशीनाथने विचारलं, की तिच्या डॉक्टरकीचं काय. होईल, ती म्हणाली. लांबेल, पण होईल. फरक पडला नाही, हेसुद्धा लिहिता येतं. वाचत कोणी नाही, एवढंच.

कमिटीचा निर्णय आठवड्यात आला. प्रयोग समाप्त. निर्णयाचं पत्र काशीनाथलाही आलं आणि त्यात त्याच्या प्रदीर्घ सहकार्याबद्दल आभार मानले होते. सरूबाईने ते वाचून घेतलं आणि दोन दिवस ती त्याच्याशी गरजेपुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, की आता त्या दिव्यांच्या खांबाला खड्डे खणतील, तवा काय करनार. काशीनाथ म्हणाला, बबनला विचारतो. बबनने नकाशा बघून सांगितलं, की त्या कोपऱ्यात खांब नाही, तिथे चपला काढायचा स्टँड येतोय. यावर दोघा नवराबायकोंनी विचार केला आणि ते कसं घ्यायचं हे त्यांना ठरवता आलं नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मिनल पुन्हा आली. तिच्याबरोबर एक यंत्र होतं आणि उपड्या घमेल्यासारखी पांढरी झाकणं होती. ती जरा अडखळत बोलली. करार संपायला दहा दिवस आहेत, तेवढ्यात एक शेवटचं मोजमाप करता येईल. सत्तावीस वर्षं न नांगरलेल्या जमिनीत एकदा नांगर घातला, तर वरच्या दोन इंचांत साठलेलं किती वेगाने उडून जातं, हे आपल्याकडे फारसं कोणी मोजलेलं नाही. तेवढं तिच्या प्रबंधात आलं तर त्याला काहीतरी अर्थ येईल. पण त्यासाठी 'ब' नांगरावा लागेल.

"तुम्हाला नको असेल तर मी दुसरं कोणी बघते," ती म्हणाली.

काशीनाथने विचारलं, की पूर्ण नांगरायचा का. नाही, ती म्हणाली. पाच नंबर प्रयोगातून वगळलाय, त्या कोपऱ्याला हात लावायचं कारण नाही. तिने चार खुंट्यांना सुतळी बांधून तो कोपरा आधीच वेगळा काढला होता. कबूल केलं नसतं तर तो कोपरा शास्त्रातच राहिला असता आणि त्याच्यावरूनही फिरावं लागलं असतं, हे काशीनाथच्या ध्यानात आलं. पण कबूल केलं नसतं तर नांगरायची वेळच आली नसती, हेही आलं. त्याने जास्त विचार केला नाही.

"वगळलं त्याचं कारन काय लिवलं?" त्याने विचारलं.

"जनावराचं दफन, दोन हजार नऊ."

"नाव न्हाय लिवलं?"

"नाव लिहायची पद्धत नाही, काका."

आदल्या दिवशी विहिरीचं पाणी सोडून त्याने 'ब'ला ओल आणली. सकाळी पॉवर टिलर दगडांच्या ओळीपाशी आणून उभा केला. ओळीतले दोन दगड सरकवावे लागले, ते त्याने उचलून तिथेच शेजारी नीट ठेवले, जणू परत लावायचे आहेत. मग टिलर सुरू केला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ओळ ओलांडून गेला. 

माती आधी कडक लागली आणि मग एकदम सुटली. वरचा थर काळा होता, जुन्या मुळांच्या जाळ्याने विणलेला, आणि तो उलटा पडला की खालची फिकी माती वर यायची. गांडुळं निघाली. बगळे आले. हे सगळं 'अ'मध्ये दर वर्षी व्हायचं आणि तिथे ते बघायला बरं वाटायचं. सुतळीच्या कोपऱ्याशी आला की तो टिलर वळवायचा. चार वेळा वळवला. पाचव्या वेळी सवय झाल्यासारखी वाटली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

टिलर बंद केल्यावर मिनलने पांढरी झाकणं मातीवर उपडी घातली आणि यंत्र जोडलं. पडद्यावर आकडा उमटला आणि वाढायला लागला. तिने सांगितलं, की हा वायू बाहेर पडतोय. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त पडेल, मग उतरत जाईल. तिच्या आवाजात उत्साह होता. तो लपवायचा तिने प्रयत्न केला, पण आकडा खरोखरच चांगला वाढत होता.

"कुठं जातंय ते?" काशीनाथने विचारलं.

"वर. हवेत."

काशीनाथने वर बघितलं. एकोणीस मजले होते, त्यांच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, दहाव्या मजल्यावर एक बाई मोबाईलवर कोणाला तरी हिंदीत भाजीचे भाव सांगत होती. त्यांना वास येईल का, असं त्याने विचारलं. याला वास नसतो, मिनल म्हणाली.

चारच्या सुमारास तिला संस्थेत जायचं होतं. दर अर्ध्या तासाने आकडा लिहून ठेवायचं काम तिने काशीनाथकडे दिलं. जाताना ती म्हणाली, "उन्हात बसू नका." आणि गेली.

सरूबाई किटलीत चहा घेऊन आली तेव्हा तो बांधावर पाय वर घेऊन उन्हातच बसला होता. तिने सुतळीच्या कोपऱ्याकडे एक नजर टाकली, तो जागेवर असल्याची खात्री केली, आणि विचारलं की इथे बसून काय करताय.

"जातंय ते बगतंय."

तिने यंत्राकडे बघितलं, झाकणांकडे बघितलं, वर बघितलं. काहीच दिसत न्हाय, ती म्हणाली. दिसत न्हायच, तो म्हणाला. तिने चहा ओतला आणि चपला बाजूला काढून त्याच्या शेजारी बसली. तिचे पाय नांगरलेल्या मातीत घोट्यापर्यंत गेले. तिने बोटं हलवून बघितली. माती भुसभुशीत होती, खालून गार आणि वरून ऊबदार, हाताने कालवल्यासारखी मऊ. इतक्या वर्षांत 'ब'ची माती पायाला अशी कधीच लागली नव्हती. चांगली लागत होती. ते ती त्याला म्हणाली नाही, आणि त्यानेही बांधावर घेतलेले पाय खाली सोडले नाहीत.

पडद्यावरचा आकडा पुन्हा बदलला. काशीनाथने तो लिहून घेतला.